शाळेतली शेळी आणि न बोलणारी लेक



शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आम्ही हात धुण्याचा आणि स्वच्छतेचा तास घ्यायला गेलो होतो. दुसरीच्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. ती बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. वर्गात गोंगाट वाढला की कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करते. तिला स्वमग्नता आहे, म्हणजेच ऑटिझम. मधल्या सुट्टीत ही मुलगी उठली आणि थेट स्वयंपाकाच्या खोलीमागे गेली. तिथे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची शेळी बांधलेली होती. मुलीने भाजीची देठे गोळा केली आणि एकेक करून शेळीला भरवली. मग शेळीच्या मानेवर हात ठेवून ती दहा मिनिटे शांत उभी राहिली. दिवसभरात तेवढ्याच वेळी आम्ही तिला हसताना पाहिले.

गुरुजी म्हणाले, "ताई, हे रोजचंच आहे. शाळेनं एखादं जनावर पाळलं तर अशा पोरांना फरक पडेल का हो?"

त्याच आठवड्यात दौंडमध्ये रेल्वेलाइनजवळच्या वस्तीतली एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. ती म्हणाली, "ताई, आज आंघोळ घालताना ह्याच्या पोटरीवर दात दिसले. कधी चावलं, काय चावलं, ह्याला सांगता येत न्हाय." शाळेच्या ओट्यावर मोकाट कुत्री झोपतात, एवढेच तिला माहीत होते. आम्ही जखम साबणाने धुतली आणि त्याच पावली त्याला सरकारी दवाखान्यात नेले.

एका मुलीला शाळेतल्या प्राण्याने हसवले, एका मुलाचा जीव शाळेतल्या प्राण्यामुळे धोक्यात आला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. शाळेतले प्राणी आपल्या विशेष गरजा असलेल्या मुलांना काय देतात, त्यांच्यापासून काय जपायचे, आणि या सगळ्याच्या आधी शाळेने काय द्यायला हवे, ते आपण क्रमाने पाहू.

ही मुले कोण?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे नोंदवली आहेत. अंधत्व, बहिरेपणा, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, शिकण्यातली विशिष्ट अडचण, सिकलसेल, थॅलेसेमिया हे सगळे त्यात येते. आपल्या वस्तीत अजूनही अशा मुलाला 'येडं', 'मुकं', 'मतिमंद' म्हणतात. हे शब्द सोडून द्यायला हवेत. आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने कोणत्या नावांनी हाका मारल्या हे आपल्याला ठाऊक आहे. तीच वागणूक आपण आपल्या लेकरांना देऊ नये.

प्राण्यामुळे काय बदलते?

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. कोणाशी न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच येऊन पोहोचला आणि कुत्र्याशी खेळू लागला. पुढे त्या कुत्र्याच्या सोबतीने तो डॉक्टरांशीही हळूहळू मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये यावर लेख लिहिला. तेव्हा अनेक तज्ज्ञांना ते हसण्यासारखे वाटले. आज मात्र हा विषय विद्यापीठांत अभ्यासला जातो.

शाळेच्या वर्गातला एक चांगला अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गिनीपिग हा सशाएवढ्याहून लहान, शेपूट नसलेला, शांत प्राणी. पाच ते तेरा वर्षांच्या ९९ मुलांचे तिघा-तिघांचे गट केले. प्रत्येक गटात एक मूल स्वमग्न आणि दोन वर्गमित्र. गटाला कधी दहा मिनिटे खेळणी दिली, कधी दहा मिनिटे दोन गिनीपिग दिले, आणि दोन्ही वेळचे चित्रण करून तुलना केली. प्राणी असताना स्वमग्न मुले जास्त बोलली, इतरांच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहिले, जास्त हसली. कुरकुर आणि रडणे कमी झाले. पुढच्या एका अभ्यासात मुलांच्या मनगटावर पट्टी बांधून कातडीवरचा सूक्ष्म घाम मोजला. त्यावरून शरीराचा ताण कळतो. प्राणी जवळ असताना स्वमग्न मुलांचा ताण उतरलेला दिसला.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालते. मुंबई आणि पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था गेली अनेक वर्षे प्रशिक्षित कुत्री घेऊन विशेष मुलांसोबत काम करते. मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांनी ते उभे केले. अशा कामात कुत्रा नुसता खेळायला आणलेला नसतो. मुलाने कुत्र्याला ब्रश करायचा म्हणजे हाताच्या बोटांचा व्यायाम. चेंडू टाकायचा म्हणजे खांद्याचा व्यायाम. 'बस' म्हणायचे म्हणजे बोलण्याचा सराव. तज्ज्ञाने आधी उद्दिष्ट ठरवलेले असते.

घोड्याचेही तसेच आहे. चालत्या घोड्याच्या पाठीवर बसले की आपले कंबर-पोट आपोआप तोल सांभाळू लागते. म्हणून सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घोड्यावर बसवतात. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे पाय पोलिओने अधू झाले होते. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. त्यानंतर या उपचाराकडे जगाचे लक्ष गेले.

हे कसे घडते?

यामागे चमत्कार नाही. माणसाशी बोलताना मुलाला एकाच वेळी शब्द, चेहरा, आवाज आणि मनातला हेतू समजून घ्यावा लागतो. स्वमग्न मुलाला हे सगळे एकदम झेपत नाही. शेळीचे तसे नसते. तिला भूक लागली की ती मान पुढे करते, पोट भरले की वळते. तिचे वागणे सरळ आणि रोज सारखे. ती चिडवत नाही, 'लवकर बोल' म्हणत नाही. मऊ, उबदार अंगाचा स्पर्श झाला की श्वास संथ होतो.

दुसरे कारण मैत्रीचे आहे. एरवी जे वर्गमित्र या मुलाजवळ फिरकत नाहीत, ते प्राण्यापाशी जमतात. मग बोलायला एक समान विषय मिळतो. प्राणी मधला दुवा होतो.

तिसरे कारण आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते. दिव्यांग मूल दिवसभर दुसऱ्यांकडून घेत असते. कोणी भरवते, कोणी कपडे घालते, कोणी हात धरून नेते. शेळीला पाला देताना पहिल्यांदा ते मूल देणारे होते. कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, ही जाणीव माणसाला ताठ उभे करते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये करुणा आणि मैत्री यांतला फरक समजावला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व सजीवांपर्यंत. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी, अशा दोन्ही औषधोपचारांची व्यवस्था केल्याची नोंद आहे. मूल आणि मुके जनावर दोघांची काळजी एकत्र घेणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही.

मर्यादाही समजून घ्या

प्राण्यामुळे ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता 'बरी' होत नाही. यावरचे बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवर आणि थोड्या काळापुरते झाले आहेत. मुलाचा ताण उतरतो, ते मिसळते, शिकायला तयार होते, इतकाच दावा प्रामाणिकपणे करता येतो. त्या तयार झालेल्या मुलाला शिकवायला विशेष शिक्षक, बोलण्यासाठी वाचा उपचारतज्ज्ञ आणि स्नायूंसाठी फिजिओथेरपिस्ट लागतोच. कोणी 'आमच्या प्राण्यामुळे मूल बोलायला लागेल' असे सांगून हजारो रुपये मागत असेल तर पैसे देऊ नका.

प्रत्येक मुलाला प्राणी आवडतो असेही नाही. काहींना भुंकण्याचा आवाज सहन होत नाही, काहींना केसांचा स्पर्श नको वाटतो. अशा मुलाचा हात धरून 'घाबरू नको, लाव हात' म्हणणे चूक आहे. मूल मागे सरकले तर तोच त्याचा नकार समजावा. त्याला दुरून बघू द्यावे.

सगळ्यात मोठा धोका: रेबीज

आता दौंडच्या त्या मुलाकडे वळू. कुत्रा चावणे ही आपल्या वस्त्यांत रोजची गोष्ट झाली आहे, म्हणून भीती बोथट झाली आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र तो टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीज मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. संशयित प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के ही १५ वर्षांखालील मुले असतात.

यात न बोलणारे मूल सर्वाधिक धोक्यात असते. त्याला कुत्र्याचे गुरगुरणे म्हणजे इशारा आहे हे कळत नाही. ते जेवणाऱ्या कुत्र्याला मिठी मारते, शेपूट ओढते. बहिऱ्या मुलाला गुरगुरणे ऐकूच येत नाही. आणि चावल्यावर घरी येऊन सांगता येत नाही. म्हणून आईबाबांना आमचे कळकळीचे सांगणे: असे मूल शाळेतून आले की रोज संध्याकाळी हातपाय धुताना त्याचे अंग नीट पाहा. पोटऱ्या, घोटे, हात, पाठ, मान, चेहरा. नवा ओरखडा दिसला तर शाळेत विचारा. कळले नाही तर चावल्याचे गृहीत धरून दवाखाना गाठा.

चावले, ओरबाडले किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर असे करा:

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवा. हे घरीच, लगेच करायचे. यानेच विषाणू मोठ्या प्रमाणात धुऊन जातो.

२. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू काहीही लावू नका. अंगारा, मंत्र, उतारा यात एक मिनिटही घालवू नका. आपण हे सोडून आलेली माणसे आहोत.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत असते. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना कधीच गेला. दंडावर कातडीत दिली तर साधारणपणे पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस देतात. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीचा आणखी एक डोस असतो. एकही डोस चुकवू नका. लसीचे कार्ड जपून ठेवा.

४. रक्त आले असेल, कातडी फाटली असेल किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर 'कुठे मिळेल ते लिहून द्या' असे ठामपणे सांगा आणि ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा.

५. दोन-चार दिवस उलटून गेले असले तरी जा. 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका. 'कुत्रा दहा दिवस जगतो का बघू' म्हणून लस थांबवू नका.

मांजर, माकड, कोल्हा यांच्यापासूनही हा आजार होतो. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या शेळी-गायीलाही तो होतो.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतून मोकाट कुत्री हलवून, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि या जागांना कुंपण घालण्याचा आदेश दिला. शाळेच्या ओट्यावर कुत्री झोपत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. कुत्र्यांना दगड मारणे, विष घालणे हा उपाय नाही. तो गुन्हा आहे आणि पंचशीलातल्या पहिल्या शीलाचा भंगही आहे. खरकटे उघड्यावर न टाकणे हा मात्र प्रत्येक शाळेला आजपासून करता येण्याजोगा उपाय आहे.

बिबट्याच्या पट्ट्यातली मुले

शिरूरच्या घोडनदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात धोका कुत्र्यापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्ध महिला यांचा जीव गेला. अशा गावांत दिव्यांग मुलाने शाळेत एकट्याने जाऊ-येऊ नये. न ऐकणाऱ्या मुलाला लोकांची आरडाओरड ऐकू येत नाही, बसून सरकणारे मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसू शकते. शौचासाठी अंधारात बाहेर बसवू नका. ऊसतोडीच्या कोपीवर मूल एकटे ठेवू नका. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शाळेच्या आवारात शेळ्या-कोंबड्या रात्री ठेवायच्या नाहीत, कारण त्यांच्या वासाने बिबट्या येतो.

शाळेने काय करावे?

गुरुजींच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले ते असे. शाळेने जनावर पाळण्याची गरज नाही. सुट्टीत त्याला कोण बघणार? महागडा लॅब्रडॉरही नको. आपल्या गावात शेळी, करडू, गाय, वासरू, कोंबडीची पिल्ले आहेतच. आठवड्यातून एक दिवस ठरवा. ज्याचे जनावर आहे त्यानेच ते घेऊन यावे आणि पूर्ण वेळ सोबत थांबावे. जनावर शांत, निरोगी, माणसांना सरावलेले असावे. पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याची तपासणी, जंतनाशक आणि लसीकरण झालेले असावे. एका वेळी दोन-तीन मुले, दहा ते पंधरा मिनिटे, शेजारी एक मोठे माणूस. वेळ आणि जागा दर आठवड्याला तीच ठेवा, कारण स्वमग्न मुलाला ठरावीकपणाचा आधार वाटतो. आदल्या दिवशी त्याला शेळीचे चित्र दाखवून 'उद्या शेळी येणार' असे सांगा.

पोपट आणि चांदणी कासव शाळेत ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते पाळणे गुन्हा आहे. ज्या शाळेत काहीच जमणार नाही, तिथे झाडाखाली पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा. ते रोज धुऊन भरायचे काम विशेष गरजा असलेल्या मुलाला त्याच्या मित्रासोबत द्या. त्यातूनही देण्याचा आनंद मिळतो.

आजार टाळायला चार गोष्टी पाळा. प्राण्याला हात लावल्यावर आणि जेवणाआधी प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत. जे मूल माती किंवा हाताला लागेल ते तोंडात घालते, त्याच्याजवळ सतत एक माणूस असावा, कारण विष्ठेतून जंत आणि जुलाबाचे जंतू पोटात जातात. त्याला जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नका. शेळीचे दूध न उकळता कोणालाही देऊ नका. दमा, फिट्स, हृदयाचा आजार, सिकलसेल, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइडची औषधे सुरू असलेल्या मुलासाठी आधी डॉक्टरांना विचारा. जनावराच्या कातडीवर केस गळालेले गोल चट्टे असतील तर ते शाळेत आणू नका, मुलांना गजकर्ण होतो.

गुरुजी-बाईंनी एक वही ठेवावी. मूल किती वेळ थांबले, कोणाकडे पाहिले, कोणता आवाज काढला, नंतरच्या तासात शांत बसले का, हे दोन ओळींत लिहावे. आठ आठवड्यांनी वही वाचली की उपयोग होतो की नाही ते आपोआप कळेल. उपयोग दिसला नाही तर थांबवावे.

शेण कोण काढणार?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम स्वतंत्र लिहितो आहोत. जनावर आले की लेंड्या आल्या, झाडणे आले. ते काम कोण करणार? मेलेली गुरे ओढण्याचे काम गावाने आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि आपल्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडले. आज शाळेत झाडू कोणाच्या हातात दिला जातो, यावर आपली नजर असलीच पाहिजे. आमच्यापैकी काहींनी स्वतःच्या शाळेत हे भोगले आहे. शेळीची जागा साफ करण्याची पाळी वर्गातल्या सगळ्या मुलांना, हजेरीपटाच्या क्रमाने आली पाहिजे. मागासवर्गीय मुलाला नाही, आणि 'याला अभ्यास तर जमत नाही, निदान झाडू तरी मारेल' म्हणून दिव्यांग मुलालाही नाही. त्या मुलाच्या वाट्याला पाला भरवण्याचा आनंद आला पाहिजे. साफसफाई सगळ्यांनी वाटून घ्यायची.

आधी लेकरू शाळेत

महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होते, माणसांना येत नव्हते. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यासाठी होता. आज आपण एखाद्या शाळेत जातो तेव्हा ओट्यावर कुत्री झोपलेली असतात, आवारात शेळी चरत असते, आणि त्याच वस्तीतले चालता न येणारे मूल शाळेला उतार नाही म्हणून घरात खाटेवर पडून असते. हे चित्र बदलायला हवे.

कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून अपंगत्व असलेले मूल आणि अनुसूचित जातीचे मूल, दोघेही वंचित गटाच्या एकाच व्याख्येत येतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचाही हक्क आहे. २०१६ च्या कायद्यानुसार लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळाले पाहिजे. 'तुमचं मूल इथं नको' असे कोणी तोंडी सांगितले तर 'लेखी द्या' म्हणा. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि विशेष शिक्षकाची मागणी करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शंका असेल तर पथक त्याला जिल्हा पातळीवरच्या उपचार केंद्राकडे पाठवते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाला आधार मिळतो. नियमित थेरपीचाही त्यात समावेश आहे.

दौंडच्या मुलाचे चारही डोस पूर्ण झाले. २८ व्या दिवशी त्याच्या आईने कार्ड आणून दाखवले. ती आता वस्तीतल्या इतर आयांना रोज मुलांचे अंग बघायला सांगते.

शिरूरच्या शाळेत गुरुजींनी दर गुरुवारी मावशींची शेळी आवारात आणायला सुरुवात केली. मुलगी अजून बोलत नाही. पण आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिच्या शेजारी दोन वर्गमैत्रिणी पाला घेऊन उभ्या होत्या. तिने आपल्या मुठीतली देठे त्यांच्यातल्या एकीपुढे धरली. गुरुजींच्या वहीत त्या दिवशी एकच ओळ होती: आज तिने मैत्रिणीला दिले.

पुढच्या पौर्णिमेला आपण विहारात जमू तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. आपल्या वस्तीत शाळेत न जाणारे दिव्यांग मूल कोणाच्या घरी आहे त्याची यादी करा. महिला मंडळाने त्या घरी जावे आणि मुलाचे नाव शाळेत घालून यावे. शेळीचे नंतर बघू.

जय भीम.